वलं झालं की

आजीने पाय लांब केले, लेकीला पोटऱ्यांवर आडवं घेतलं आणि डायपरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ओढल्या. डायपर न्हाणीच्या फरशीवर पडला तो धप्पकन. आजीने तो उचलला, बाजारात कांदा हातावर तोलून बघावा तसा तोलला आणि माझ्याकडे बघितलं. मग लेकीचे दोन्ही पाय एका हातात धरून वर केले. बुड, मांड्यांची आतली बाजू, पुढचा भाग, सगळं लालभडक आणि चकाकणारं. दोन ठिकाणी साल निघाल्यासारखं झालेलं. कोमट पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला आणि पोरगी अशी किंचाळली की परसात भांडी घासणारी बाई हात तसेच राखेचे घेऊन आत आली.

"कवा बदललं होतं हे?" आजीने विचारलं.

"रात्री. गाडीत बसताना."

"आन् आता?"

आता सकाळचे सव्वादहा वाजले होते. रात्री दहाच्या सुमाराला कल्याणला चढलो, सकाळी नांदेडला उतरलो, रिक्षा, घर, चहा. बारा तास होऊन गेले होते. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, बारा तास हा आकडा मला पाठ होता. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला होता. त्या आकड्याच्या भरवशावरच तर मी गाडीत निवांत झोपलो होतो.

मी बँकेत नोकरी करतो. आकडा छापलेला दिसला की माझा त्याच्यावर विश्वास बसतो, हा व्यवसायाचा दोष म्हणा. लेक झाली तेव्हा पहिले सहा महिने सगळं हिच्याकडे होतं. सव्वीस आठवड्यांची रजा संपवून ही ऑफिसला जायला लागली आणि आम्ही कामं वाटून घेतली. अंघोळ आणि जेवण आईकडे, रात्रीचं दूध हिच्याकडे, डायपर खातं माझ्याकडे. खातं मिळाल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर हिशेब. आम्ही आणत होतो तो डायपर एकेक १२ रुपयांना पडायचा. ही दिवसाला आठ वापरायची, म्हणजे ९६ रुपये, महिन्याचे २,८८०. मी चारवर आणले. महिन्याला १,४४० रुपयांची बचत, आणि ती मी हिला अगदी वहीत मांडून दाखवली. ही म्हणाली, "अरे, पण ओला होतो ना तो." मी पाकीट पुढे केलं. त्यावर बाराचा आकडा होता, आणि डायपरच्या मधोमध ती पिवळी रेघही होती, ओलं झालं की निळी होणारी.

त्या रेघेबद्दल आधी सांगतो, कारण माझ्यासारखे बरेच बाप तिच्यावर विसंबून असतात. ती रेघ पहिल्याच शूला निळी होते. त्यानंतर बाळाने पाच वेळा शू केली तरी ती तेवढीच निळी राहते. म्हणजे डायपर कोरडा नाही एवढंच ती सांगते. किती ओला, कधीपासून ओला, आत शी आहे का, यातलं काहीही तिला कळत नाही. मी मात्र तिला इंधनाच्या काट्यासारखं वाचत होतो. रेघ फिकट निळी आहे, अजून वेळ आहे, असं काहीतरी माझं मीच ठरवलं होतं.

आणि बारा तासांचं म्हणाल, तर तो आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. डायपरच्या पोटात एक पांढरी भुकटी असते, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाची. पाणी प्यायलं की तिचे साबुदाण्यासारखे फुगलेले गोळे होतात. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ती धरून ठेवते आणि दाबलं तरी सहजी सोडत नाही. तेव्हा बारा तास तो डायपर गळणार नाही, हे अगदी शक्य आहे. पण ती हमी गादीच्या चादरीला मिळालेली असते. आत जी कातडी आहे तिच्याबद्दल पाकिटावर अवाक्षर नसतं, आणि हे मला वाचता आलं नाही. बँकेत दुसऱ्यांना बारीक अक्षर वाचायला सांगणारा मीच.

त्या रात्री गाडीत आणखी एक गोष्ट घडली होती. लेक सात महिन्यांची, नुकतंच उष्टावण झालेलं, संध्याकाळी आईने गाजर घातलेली मुगाची खिचडी भरवली होती. मनमाड मागे पडल्यावर कधीतरी ती जरा कुरकुरली. हिने पाजलं, ती झोपली. वास आल्यासारखा वाटला होता, नाही असं नाही. पण समोरच्या बर्थवरच्या काकांनी लसणाची चटणी उघडलेली होती, दिवे बंद होते, आणि पोर झोपलंय तर कशाला उठवा, असं म्हणून आम्ही दोघांनीही तो विषय तिथेच सोडला. सकाळी आजीने डायपर उघडला तेव्हा त्यात शी होती आणि ती पार सुकून कडेला चिकटली होती. म्हणजे पाच-सहा तास तरी ती तशीच होती.

आजीला मी दुपारी अगदी सरळ विचारलं, "आजी, तुमच्या वेळी लंगोट दर किती वेळाने बदलायचे?"

तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. तेव्हा ती म्हणाली, "वलं झालं की बदलायचं. त्यात इचारायचं काय?"

यावर मी नंतर खूप विचार केला. जुन्या धोतराचा नाहीतर मऊ पातळाचा लंगोट एका शूतच चिंब होतो. बाळाला लगेच गार लागतं, ते रडतं, मांडीवर घेणाऱ्याचं लुगडं भिजतं. सगळ्या घराला कळतं. तान्हं बाळ दिवसाला वीसेक वेळा शू करतं आणि आजीच्या दोरीवर दिवसाला वीस-पंचवीस लंगोट वाळत असायचे. हिशेब आपोआप जुळायचा, कोणी मांडायला नको. किती वेळाने बदलायचा हा प्रश्न डायपरबरोबर घरात आला, कारण डायपरने ओल लपवली. बाळाला गार लागत नाही म्हणून ते रडत नाही, आपला हात ओला होत नाही म्हणून आपण उठत नाही. जे काम हाताला आपसूक कळत होतं ते आता डोकं वापरून लक्षात ठेवावं लागतं. माझ्या डोक्याने ते पाकिटावर सोपवलं होतं, एवढंच.

पण इथपर्यंत झालं ते निस्तरण्यासारखं होतं. खरा घोळ मी दुसऱ्या दिवशी घातला.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि "बाळाला डायपरने लाल झालंय" असं सांगितलं. काउंटरवरच्या मुलाने वर न बघता एक छोटी ट्यूब काढून दिली. "हे लावा, दोन दिवसांत साफ." चिठ्ठी मागितली नाही, वय विचारलं नाही. आणि खरोखरच दोन दिवसांत साफ! लाली गेली, पोरगी हसायला लागली, मी आजीसमोर जरा छाती काढून फिरलो. कल्याणला परत आलो, ट्यूब बंद केली, चार दिवसांत सगळं परत. पुन्हा लावली, पुन्हा गेलं, पुन्हा आलं. तिसऱ्या वेळी आलं ते वेगळंच होतं. आधी जांघेच्या घड्या सुटलेल्या असायच्या, लाली फक्त फुगीर भागावर. आता घड्यांच्या आत खोलवर मांसासारखी लाल ओल होती, आणि मुख्य लालीच्या कडेबाहेर मोहरीएवढे सुटे लाल ठिपके विखुरलेले. शिंपणाचे थेंब उडावेत तसे.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी ते पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय लावलंत?" मी ट्यूब दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून त्यावरची नावं मोठ्याने वाचली. तीन औषधं होती. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि तिसरं क्लोबेटासॉल.

"हे काय आहे माहीत आहे? अत्यंत तीव्र स्टिरॉइड. मोठ्या माणसाच्या तळपायाच्या जाड कातडीला आम्ही देताना विचार करतो. तुम्ही ते सात महिन्यांच्या पोरीच्या जांघेत चोपडलंत आणि वरून डायपर बांधलात."

वरून डायपर बांधणं का वाईट, तेही त्यांनी सांगितलं. बंद, दमट जागी औषध कितीतरी जास्त शोषलं जातं. बाळाची कातडी पातळ, त्यात जांघेतली सर्वांत पातळ. स्टिरॉइडने लाली दबते, म्हणून बरं वाटतं. पण कातडीची प्रतिकारशक्तीही दबते आणि खाली बुरशी निवांत वाढते. जास्त दिवस वापरलं तर कातडी आणखी पातळ होते, गाठी उठू शकतात, औषध रक्तात उतरून बाळाच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. असली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आपल्याकडे आहे. दुकानातल्या मुलाला तो ठाऊक असेल-नसेल, विकत घेणारा मी होतो आणि ट्यूबवर नावं छापलेली होती. तेव्हा तुम्हाला एवढंच सांगतो: ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ती बाळाला आपल्या मनाने लावायची नाही. शेजारणीच्या बाळाला गुण आला असेल तरी नाही.

आमच्या लेकीला बाईंनी नुसतं बुरशीवरचं मलम दिलं आणि त्यावर झिंक ऑक्साइडचं. पंधरा दिवस लागले पूर्ण बरं व्हायला.

त्या पंधरा दिवसांत मी त्यांना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यातलं मला जे समजलं ते असं. नुसती शू थोडा वेळ अंगाला लागली तर फार बिघडत नाही. पण ओल सतत राहिली की कातडी पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी फुगते, मऊ पडते आणि डायपर घासला की सोलवटते. यात शी मिसळली की खरा खेळ सुरू होतो. शीमधले जंतू शूतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. रात्रभराचा डायपर उघडल्यावर नाकात जातो तो झणका याचाच. निरोगी कातडी थोडी आम्ल असते, तेच तिचं चिलखत. अमोनिया ते उतरवतो. आणि आम्लता गेली की शीमध्ये असलेले पचनाचे रस जोरात येतात. पोटात जे रस खिचडी पचवतात तेच मग बाहेर कातडी पचवायला लागतात. हे वाक्य ऐकल्यापासून मला डायपरमध्ये शी असताना पाच मिनिटं थांबवत नाही.

अंगावरच्या दुधावरच्या बाळाची शी त्या मानाने सौम्य असते. वरचं अन्न सुरू झालं की तिचा पोत बदलतो, म्हणूनच आमचं पहिले सहा महिने निभावलं आणि सातव्यात फसलं. साधारण नवव्या ते बाराव्या महिन्यात हा त्रास सर्वांत जास्त दिसतो. बाळाला किंवा पाजणाऱ्या आईला प्रतिजैविकं चालू असली तर बुरशीची शक्यता आणखी वाढते, तेव्हा त्या दिवसांत डोळ्यांत तेल घालून बघावं.

मग बदलायचा किती वेळाने? शी झाली की त्याच क्षणी, रात्र असो, गाडी असो, पाहुणे बसलेले असोत. नुसती शू असेल तर जागेपणी दोन-तीन तासांनी. नव्या बाळाला दिवसाचे दहा-बारा लागतात, आमच्या लेकीच्या वयाला सहा ते आठ. माझे चार हे त्या वयाला कधीच पुरणारे नव्हते, ही आठ वापरत होती ते बरोबर होतं. हे मी हिला कबूल केलं, आणि तिने वही मागून घेतली.

रात्रीचं जरा वेगळं. बाळ गाढ झोपलं असेल, कातडी निरोगी असेल आणि नुसती शू असेल तर मुद्दाम उठवून बदलण्याची गरज नाही, असं आमच्या बाई म्हणाल्या. झोपताना शेवटचं पाजून झालं की नवा डायपर, त्याआधी झिंकच्या मलमाचा थर, आणि मध्यरात्री पाजायला उठलातच तर तेव्हा बदलायचा. मलम लावताना आम्ही आधी कंजुषी करायचो, चेहऱ्याला क्रीम लावतात तसं जिरवायचो. ते जिरवायचं नसतंच. पुरीवर श्रीखंड थापावं तसा जाड पांढरा थर राहिला पाहिजे, तरच ओल आणि कातडी यांच्यात भिंत उभी राहते. आणि पुढच्या वेळी तो थर खरवडून काढायचा नाही. मळलेला वरचा भाग तेवढा पुसायचा, त्यावरच नवा. आमच्या पोरीला सगळ्यात जास्त रडवलं असेल तर ते माझ्या स्वच्छतेच्या हट्टाने. आधीच सोललेल्या जागी मी सुगंधी ओल्या कागदांनी घासत होतो.

पुसायला कोमट पाणी आणि कापसाचा बोळा, किंवा मऊ मलमलचा तुकडा. प्रवासात ओले कागद लागतातच, पण बिनवासाचे, अल्कोहोल नसलेले घ्यावेत. मुलगी असेल तर नेहमी पुढून मागे पुसायचं, म्हणजे शीतले जंतू लघवीच्या वाटेला जात नाहीत. मुलगा असेल तर पुढची कातडी मागे ओढून साफ करण्याच्या फंदात पडू नये. पुसल्यावर टिपून कोरडं करायचं, आणि मग जी गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही ती द्यायची: उघडी हवा. जमिनीवर मेणकापड, त्यावर दुपटं, त्यावर पोर उघडं. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं. दोन-तीन दुपटी भिजतील, भिजू द्यावीत. हे जमिनीवरच करावं. पलंगावर केलंत तर एक हात बाळावर ठेवा. ज्या दिवशी पोर पहिल्यांदा पालथं पडतं तो दिवस आधी सांगून येत नाही.

आजीचं सगळंच बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. तिने पहिल्याच दिवशी पावडरचा डबा काढला होता. घड्यांमध्ये पावडर ओल लागून लगद्यासारखी होते आणि घासते. शिवाय उडालेली भुकटी बाळाच्या श्वासात जाते, ते अधिक वाईट. न्हाऊ घालताना बेसन लावून चोळणंही सोललेल्या कातडीवर नको. यावरून आमचं थोडं वाजलं. खोबरेल तेल तिने लावलं, त्याने काही वाईट झालं नाही.

आणि लंगोट म्हणजे अमृत, डायपर म्हणजे विष, असंही नाही. वेळेवर बदललेला डायपर कातडी कोरडी ठेवायला ओल्या कापडापेक्षा सरसच असतो. लंगोटावरून प्लॅस्टिकची चड्डी चढवली की तोही डायपरच झाला, वर शोषणारी भुकटी नाही. पावसाळ्यात तर लंगोटाचं दुखणं निराळंच. जुलैत कल्याणच्या फ्लॅटमध्ये दोरी कुठे बांधणार? पंख्याखाली दोन दिवस लटकलेला, आंबूस वासाचा, अर्धवट वाळलेला लंगोट बांधण्यापेक्षा डायपर बरा. लंगोट वापरायचेच तर साबण पूर्ण जाईपर्यंत पाण्यातून काढावेत, वासाची औषधं पाण्यात घालू नयेत, आणि ऊन नसेल तर इस्त्री फिरवून ओल पार घालवावी. आमच्याकडे आता दिवसा घरात लंगोट, रात्री आणि बाहेर जाताना डायपर असं चालतं. डायपर निवडताना कंपनीपेक्षा मापाकडे बघा. कमरेला दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मांडीवर करकोचा पडत असेल तर वरचं माप घ्यायची वेळ झाली.

एक प्रसंग अजून सांगायचा आहे, आणि खरं तर तो पुरळापेक्षा जास्त घाबरवणारा होता.

लेक दहा महिन्यांची असताना मे महिन्यात तिला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मलूल पडली. मी फोन केला तेव्हा बाईंनी विचारलं, "शेवटची शू कधी झाली?" आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सकाळपासून सहा डायपर बदलले होते, माझ्याकडे वेळांची नोंदसुद्धा होती. पण प्रत्येकात पातळ शी होती, ती भुकटीत शोषली गेली होती, निळी रेघ निळी होती, आणि त्यात शू होती की नव्हती हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतंय का, हे ओळखण्याची घरातली सगळ्यात सोपी खूण म्हणजे शू. सहा-आठ तास शू नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, यातलं काही दिसलं तर घरी बसायचं नसतं. आमच्याकडे पहिली खूणच डायपरने पुसून टाकली होती. दवाखान्यात नेलं, बाईंनी तपासलं, ओआरएस चमच्या-चमच्याने पाजायला लावलं, चौदा दिवस झिंकचं औषध दिलं. संध्याकाळी तिथल्याच बाकावर हिच्या मांडीवर उघडी झोपलेली असताना तिने हिची साडी भिजवली. आयुष्यात कुणाच्या शूने एवढा आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं.

तेव्हापासून आजारपणात आम्ही घरी डायपर लावत नाही. लावावाच लागला तर आत पुढच्या बाजूला कापसाचा पातळ तुकडा ठेवतो. शू झाली की कापूस भिजलेला सापडतो. ही युक्ती अगदी नव्या बाळासाठीही उपयोगी आहे, कारण पहिल्या दिवसांत शू मोजणं म्हणजे दूध पुरतंय का ते मोजणं. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा असं वाढत जाऊन पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट व्हायला हवेत. शीही काळ्या डांबरासारखी सुरू होऊन चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. माझ्या बँकेतल्या एका सहकाऱ्याने बाळाच्या जन्मानंतर चौथ्या दिवशी मला मोठ्या कौतुकाने सांगितलं की पोरगा फार शहाणा आहे, दिवसात दोनच डायपर लागतात. मी त्याला तसाच दवाखान्यात पिटाळला. वजन बरंच उतरलं होतं, बाळ स्तनाला नीट लागत नव्हतं. पाजण्याची पद्धत दाखवल्यावर सुधारलं.

वापरलेल्या डायपरचं काय करायचं, यावर फार बोलत नाही, पण एक सांगतो. आतली शी आधी संडासात टाकावी, डायपर गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करावा, वर्तमानपत्रात बांधावा आणि ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळा द्यावा. पुण्यात बहिणीकडे 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बाया येतात. तिथे अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, म्हणजे आत काय आहे ते हात घालायच्या आधी कळतं. आम्ही कल्याणलाही तसाच ठिपका काढतो. आमच्या इमारतीत येणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी विचारलं, हा ठिपका कसला. सांगितल्यावर तो म्हणाला, बाकीच्यांना पण सांगा की. सांगितलं. सतरा घरांपैकी चार काढतात.

आणि डॉक्टरकडे कधी जायचं? बाळ महिन्याच्या आतलं असेल तर लगेच. मोठं असेल तर वेळेवर बदलून आणि झिंक लावून दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर. फोड, पू, रक्त किंवा ताप दिसला तर तेवढीही वाट बघू नये. औषधाच्या दुकानाच्या वाटेने मात्र जाऊ नका, त्या वाटेने मी जाऊन आलोय.

दिवाळीच्या आधी नांदेडहून एक मावसभाऊ आला. त्याच्याबरोबर आजीने एक गाठोडं पाठवलं होतं. तिच्या दोन जुन्या नऊवारी पातळांचे हाताने शिवलेले लंगोट, मोजून चोवीस, कडा दुमडून घातलेल्या, म्हणजे शिवण पोरीला टोचू नये. वर चिठ्ठी वगैरे काही नाही. मी फोन केला, "आजी, चोवीस कशाला? आता ती मोठी झाली, दिवसाला दहा पुरतात."

"दहा कोणी मोजले?" ती म्हणाली.

मी वहीचं नाव काढलं नाही.

लेक आता अडीच वर्षांची आहे. लंगोट सुटले. गाठोड्यातले बरेचसे बहिणीच्या बाळासाठी पुण्याला गेले, दोन-चार हिने पोळ्यांच्या डब्यात घालायला ठेवले, आणि एक माझ्या स्कूटरच्या डिकीत असतो, पावसात सीट पुसायला.